आतड्याचे दोन आजार आणि माझा एक रिपोर्ट

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी जमवत गेले असते तर एव्हाना एक कपाट भरलं असतं, आणि त्या अख्ख्या कपाटात एकाही माणसाच्या पोटाची धड हकीकत सापडली नसती. ‘पोटदुखी, सीटी करणे.’ एवढंच. पोट कुठे दुखतं, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, ताप आहे का, जुलाब होतात का, वजन उतरलंय का, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या भागातल्या एका महाशयांनी तर एकदा नुसतं ‘पोट’ असं लिहून खाली ऐटीत सही ठोकली होती. वर पदवी, तिच्याखाली दुसरी पदवी, तिच्याखाली परदेशातल्या कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराचा उल्लेख, आणि मजकूर काय, तर पोट. ती चिठ्ठी मी बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटला जिचं तोंड सहसा दिसत नाही अशी डॉक्टर. आठवड्यातले चार दिवस तळेगावला स्टेशनच्या बाजूच्या एका सेंटरमध्ये बसते, शनिवार-रविवार लोणावळ्याला. दोन्हीकडची खोली सारखीच. खिडकी नाही, दोन स्क्रीन, आणि अंगावर शाल घ्यायला लावणारा एसी. लोक मशीनमध्ये जातात, बाहेर येतात, आणि त्यांच्या पोटाचे शेकडो आडवे काप माझ्या स्क्रीनवर येतात. पावाच्या चकत्या एकेक करून बघाव्या तसे मी ते छातीपासून खाली बघत जाते. पंचवीस वर्षं हेच करते आहे.

चिठ्ठ्यांच्या खालोखाल माझा राग फोटोंवर. हल्ली डॉक्टर मंडळी सीटीची फिल्म खिडकीच्या काचेला लावतात, मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि मला पाठवतात, ‘मॅडम, काय वाटतं?’ फिल्मच्या आरपार समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसत असतात. ‘तिसऱ्या मजल्यावरचा टॉवेल वाळलाय, बाकी काही सांगता येत नाही,’ असं मी एकांना उत्तर दिलं होतं. त्यांनी अंगठा पाठवला. त्यांना टोमणा कळला असं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी आणखी एक फोटो आला. तो उलटा होता.

माझ्या स्वतःच्या व्यवसायातल्या लोकांबद्दलही माझं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांचे रिपोर्ट माझ्याकडे यायचे आणि वाचताना माझं डोकं उठायचं. ‘टीबी असू शकतो, क्रोन्स असू शकतो, कर्करोगही नाकारता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे.’ अशा रिपोर्टला मी भेळ म्हणायचे. सगळं थोडं थोडं घालायचं आणि कागदात बांधून द्यायचं, म्हणजे उद्या काहीही निघालं तरी आपण ते लिहिलेलंच असतं. मी तसं करत नसे. मला दिसलं ते मी लिहीत असे, आणि एकच लिहीत असे. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत माझा हा लौकिक होता आणि मला तो आवडत होता.

आणखी एक गोष्ट मी करायचे जी बाकीचे करत नव्हते. शंका आली की मी खोलीतून उठून बाहेर जायचे आणि पेशंटला चार प्रश्न विचारायचे. लोणावळ्याला त्याचा फार उपयोग होई. शनिवारी बंगले भाड्याने घेऊन मुंबईची मंडळी येतात, रात्रभर खातात-पितात आणि रविवारी सकाळी त्यातला एखादा पोट धरून आमच्या दारात उभा राहतो. असाच एक जण आला होता, डाव्या बाजूला खाली दुखतंय म्हणून. बरोबर सहा मित्र. त्यातल्या एकाने मोबाइलवर वाचून निदान करून टाकलं होतं, मोठ्या आतड्याला फुगे आलेत आणि त्यातला एक फुटलाय. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरनेही मुकाट्याने तेच लिहिलं होतं. पेशंट हेलिकॉप्टरची चौकशी करत होता. मी बाहेर जाऊन विचारलं, नेमकं कुठे दुखतंय? त्याने एका बोटाने जागा दाखवली. ताप? नाही. उलटी? नाही. भूक लागली आहे का? तो जरा ओशाळून म्हणाला, लागली आहे, वडापाव मिळेल का? ज्याच्या आतड्याचा फुगा फुटलाय तो माणूस एका बोटाने जागा दाखवत नाही आणि वडापावही मागत नाही. मोठ्या आतड्याला बाहेरून चरबीचे लहान लहान गोंडे लोंबत असतात, त्यातला एखादा कधी स्वतःभोवती पिळला जातो. स्कॅनमध्ये तो अगदी ठसठशीत दिसत होता, आतड्याला चिकटलेला बोराएवढा चरबीचा गोळा, कडेने उजळ. आतडं स्वतः ठणठणीत. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या आणि आठवडाभर थांबायचं, दुसरं काही नाही. हे ऐकून सातही जणांची तोंडं उतरली. मी त्यांची कीव करत खोलीत परतले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं घडलं तेव्हा मी कोणत्या तोऱ्यात होते ते कळायला हवं.

पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं. त्या कोपऱ्यात दोन आजार हटकून घर करतात. एक टीबी. टीबी म्हटलं की लोकांना खोकला आठवतो, पण तो आतड्यालाही होतो. दुसरा क्रोन्स, त्यात शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. दोन्हीत पोट दुखतं, जुलाब होतात, वजन उतरतं, रक्त कमी होतं. दोन्हीत आतड्याची भिंत जाड होते आणि वाट अरुंद होत जाते. पण उपचार अगदी उलटे. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात, आणि तीच औषधं टीबीच्या पेशंटला दिली तर टीबी अंगभर पसरतो. उलट क्रोन्सच्या पेशंटला टीबीच्या गोळ्या दिल्या तर लिव्हरला त्रास, आणि इकडे आतड्याचं काम आतल्या आत बिघडतच राहतं. म्हणून फरक ओळखायला लागतो. टीबीमध्ये संध्याकाळचा ताप येतो, रात्री घाम फुटतो, स्कॅनमध्ये आतड्याशेजारच्या गाठी मधून काळ्या आणि कडेने उजळ दिसतात, कारण त्या आतून सडलेल्या असतात. क्रोन्समध्ये आतडं एके ठिकाणी बिघडलेलं, मग चांगलं, मग पुन्हा बिघडलेलं असं दिसतं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फणीच्या दातांसारख्या ताठ उभ्या राहतात. पुस्तकात हे दोन कोष्टकांत छान छापलेलं असतं. माणसं कोष्टकात बसून येत नाहीत एवढाच काय तो त्रास.

ती तळेगावला आली तेव्हा तिची चिठ्ठी होती, ‘पोटदुखी, वजन कमी, टीबी?’ बाई तिशीच्या आसपासची, आंदर मावळातल्या एका गावची. बरोबर सासरे होते, ती त्यांना आबा म्हणायची. नवरा चाकणला कंपनीत, तिथेच खोली करून राहणारा. सकाळी दोघं गावाहून बरंच चालत आली होती आणि मग मिळेल त्या गाडीने तळेगावला. पोटाच्या स्कॅनआधी आम्ही लिटरभर औषधी पाणी प्यायला देतो, तास-दीड तासात, म्हणजे आतडी फुगून नीट दिसतात. शहरातली माणसं ते पाणी पिताना अशी तोंडं करतात जणू आम्ही विष दिलंय. ही एका कोपऱ्यात बसून निमूटपणे सगळं प्यायली.

स्कॅन स्क्रीनवर आला. तो उजवा कोपरा जाड झालेला, वाट अरुंद, शेजारी गाठी. टीबी की क्रोन्स? चिठ्ठीवर एका प्रश्नचिन्हापलीकडे अर्थातच काही नव्हतं. मी मनातल्या मनात ती चिठ्ठी लिहिणाऱ्या फिजिशियनचा उद्धार केला आणि नेहमीप्रमाणे उठून बाहेर गेले.

‘ताप येतो का?’ मी विचारलं.

‘व्हय, सांच्याला येतोय,’ सासरे म्हणाले. सत्तरीचे असतील, पण ताठ होते. पांढरी टोपी, हातात आधीच्या कागदांची पिशवी.

‘रोज?’

‘रोज न्हाई. चार दिस येतो, चार दिस न्हाई.’

‘जुलाब?’

‘व्हय, ते बी हाये. खाल्लं की पोटात दुखतं तिच्या. भाकर अर्धीच खाती.’

‘घरात कुणाला टीबी झाला होता?’

‘हिच्या सासूला झालता. सा महिनं गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. आता शेतात जाती.’

‘दूध कसं पिता? तापवून?’

आबा हसले. ‘घरचं दूध हाये बाई. धार काढली की तिथंच पितो आमी.’

‘आणखी काही त्रास?’

‘न्हाई. दुसरं काय न्हाई.’

ती पलीकडे डोक्यावरचा पदर सावरत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, नाही म्हणून. मी खुशीत खोलीत परतले. संध्याकाळचा ताप, घरात टीबी, आणि ज्यातून टीबी थेट आतड्यात उतरू शकतो ते न तापवलेलं दूध. पाच मिनिटांत मला इतकं मिळालं होतं, आणि त्या फिजिशियनला आठवडाभरात एवढं विचारायची बुद्धी झाली नव्हती. गाठींकडे पुन्हा बघितलं. दोन-तीन गाठी मधून जरा काळपट वाटल्या. मी रिपोर्ट लिहिला, ‘आतड्याचा टीबी.’ असू शकतो, नाकारता येत नाही, ताडून पाहावे, यातलं काही नाही.

संध्याकाळी त्याच फिजिशियनचा फोन आला. मला त्यांचा आवाजही आवडत नसे. ते प्रत्येक वाक्याच्या आधी ‘ऍक्च्युअली’ म्हणायचे.

‘मॅडम, ऍक्च्युअली, पुण्याला पाठवून दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासून घ्यावा का? म्हणजे खात्री होईल.’

‘कशाला त्या बाईला पुण्यापर्यंत पिटाळताय?’ मी म्हणाले. ‘त्यांना तळेगाव गाठायलाच अर्धा दिवस लागतो. पुस्तकात छापावं असं चित्र आहे. सुरू करा औषधं.’

‘तुम्ही म्हणताय तर करतो,’ ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी टेक्निशियनला म्हणाले की या माणसाला स्वतःच्या हाताची बोटं मोजायलाही माझा रिपोर्ट लागेल.

चार महिन्यांनी ती परत आली. मी तिला ओळखलं नाही, आबांना ओळखलं. ती इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. या वेळची चिठ्ठी मात्र लांबलचक होती. टीबीच्या औषधांचा उपयोग नाही, पेशंट गोळ्या घेत नसावी, किंवा औषधांना न जुमानणारा टीबी, पुढची जास्त ताकदीची औषधं सुरू करण्यापूर्वी पुन्हा सीटी. त्या पुढच्या औषधांनी काय काय होतं ते मला माहीत होतं. लिव्हर, नसा, डोळे, सगळ्यावर टाच येऊ शकते, आणि कोर्स लांबलचक.

आबा संतापले होते. आल्या आल्या त्यांनी मलाच धरलं. ‘डाक्टर म्हनत्यात ती गोळ्या खात न्हाई. आवो, म्या सोता तिच्या म्होरं बसून खायाला लावतो. येक गोळी चुकली न्हाई. आमी काय खोटं बोलतो व्हय?’

मी त्यांना बसायला सांगितलं आणि मनात म्हटलं, असेल, तोंडात धरून बाहेर थुंकत असेल. मला असं वाटलं हे मी आता लिहिते आहे तेव्हाही माझे कान तापतात. मी त्या बाईशी तोवर एक शब्द बोलले नव्हते आणि ती लबाड आहे असं मी ठरवून मोकळी झाले होते.

स्कॅन झाला. तो कोपरा आता आणखी जाड, वाट आणखी अरुंद, आणि त्याच्या वर, चांगल्या आतड्याचा एक भाग सोडून, दुसरा बिघडलेला तुकडा. रक्तवाहिन्या ताठ उभ्या, फणीच्या दातांसारख्या. गाठी होत्या, पण मधून काळ्या नव्हत्या. हा टीबी नाही, हे मला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळलं. आधी मी स्वतःची समजूत घातली की चार महिन्यांत चित्र बदललं असेल. मग जुना स्कॅन उघडून शेजारच्या स्क्रीनवर लावला.

नवं असं काहीच नव्हतं. वरचा तो दुसरा तुकडा चार महिन्यांपूर्वीही होता, लहान, पण होता. फणी होती. आणि ज्या गाठी मला काळपट वाटल्या होत्या त्या काळपट नव्हत्याच. मी बाहेरून ऐकून आले होते संध्याकाळचा ताप आणि सासूचा टीबी, आणि मग आत बसून ते डोळ्यांनी बघितलं होतं. क्रोन्सलाही ताप येतो. सासूला टीबी झाला म्हणून सुनेच्या आतड्याने दुसरा आजार होऊ द्यायचा नाही असा काही नियम नाही.

मग मी आणखी खाली गेले. पोटाचा स्कॅन मांड्यांच्या जोडापर्यंत घेतात. आतडी संपली, मूत्राशय संपलं की आम्ही बहुतेक जण शेवटचे काप भराभर सरकवून टाकतो, तिथे बघायचं फार काही नसतं. या वेळी मी सावकाश सरकवले. गुदद्वाराच्या डाव्या बाजूला एक बारीक उजळ रेघ त्वचेपर्यंत गेलेली होती. भगंदर. आतून बाहेर पडलेली, पू वाहणारी वाट. ही क्रोन्सची फार मोठी खूण आहे, टीबीत ती इतकी सहजी दिसत नाही. जुन्या स्कॅनचे शेवटचे काप लावले. तीच रेघ, त्याच जागी.

तेव्हा मला आठवलं की हा प्रश्न मला माहीत होता. शौचाच्या जागी काही दुखतं का, काही वाहतं का, हे अशा पेशंटला विचारायचंच असतं. मी विचारला नव्हता. सासऱ्यांसमोर सुनेला असलं विचारायचं कसं, म्हणून मी ‘आणखी काही त्रास?’ असं गुळमुळीत विचारलं होतं, आणि उत्तरही सासऱ्यांकडूनच घेतलं होतं. इकडे तीच पद्धत आहे. बाईबरोबर जो पुरुष आला असेल तो तिचा आजार सांगतो, ती शेजारी बसते. डॉक्टरही त्या पुरुषाकडे बघूनच बोलतात, ते लवकर होतं. या प्रकाराला मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले होते.

माझी टेक्निशियन पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहे. तिला म्हटलं, आबांना चहा सांग आणि बाईला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन ये. मी दार लावून घेतलं आणि विचारलं. तिने दार नीट लागलंय ना ते बघून घेतलं. मग म्हणाली, ‘व्हय. हाये तसं.’

‘कधीपासून?’

‘तीन वरसं झाली. धाकटीच्या येळंपासून.’

‘वाहतं?’

‘वाहतं की. फडकं ठेवते.’

‘कुणाला दाखवलंस?’

‘गावातल्या नर्सबाईंना बोलले येकदा. त्या म्हनल्या, टाक्यांचं आसंल, बसंल हळूहळू.’

‘मग मागच्या वेळी मला का नाही सांगितलंस?’

ती खाली बघत राहिली. मी धरून चालले की लाजली असेल, आणि पुढे काही विचारलं नाही.

फिजिशियनना फोन केला. कसं सांगायचं याची मी मनात तयारी केली होती. पुढची औषधं सुरू करू नका, हा क्रोन्स आहे, दुर्बीण लावून तुकडा काढायला हवा, पुण्याला आजच पाठवा. ते शांतपणे ऐकत होते.

‘मॅडम,’ ते शेवटी म्हणाले, ‘तुकडा काढू या का, हे मी तेव्हाच विचारलं होतं.’

या वेळी वाक्याच्या आधी ‘ऍक्च्युअली’ नव्हतं.

‘हो,’ मी म्हणाले. ‘विचारलं होतंत.’

बाकीच्या ज्या रेडिओलॉजिस्टांच्या भेळेला मी नाकं मुरडायचे, त्यांच्यातल्या कुणाकडे ती गेली असती, तर त्याने दोन्ही नावं लिहिली असती आणि तुकडा निघाला असता. मी एकच नाव लिहिलं, ठळक, म्हणून कुणी पुढे बघितलं नाही. रागावण्यासारखं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. त्या दिवशी मी जेवायला घरी गेले नाही, त्याच खोलीत बसून दोन्ही स्कॅन वरून खाली आणि खालून वर बघत राहिले. त्याने त्या बाईला काडीचा उपयोग नव्हता.

पुण्यात तुकडा काढला. क्रोन्सच निघाला. औषधं बदलली, पण अरुंद झालेली वाट मधल्या महिन्यांत इतकी आवळली होती की औषधाने ती उघडेना. ऑपरेशन करावं लागलं. साधारण वीतभर आतडं काढून टाकलं. चार महिन्यांपूर्वी औषधं सुरू झाली असती तर ते वाचलं असतं का, असं मी तिथल्या सर्जनला विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित. डॉक्टरी भाषेतलं कदाचित म्हणजे काय ते मी जाणते.

पहिल्या रिपोर्टला मी पुरवणी जोडली. आमच्या कॉम्प्युटरमध्ये जुना रिपोर्ट बदलता येत नाही, पण त्याच्याखाली तारीख घालून आणखी लिहिता येतं. सेंटरच्या मालकांनी ते पाहिलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ‘कशाला उकरून काढता मॅडम? त्यांची काही तक्रार नाही. बाई बरी होते आहे.’ त्यांच्याबद्दल मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही. हेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टबद्दल मीही बोलले असते.

पावसाळा संपता संपता ती सोनोग्राफीला आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितली होती. सोनोग्राफी आमच्याकडे दुसऱ्या मॅडम करतात, पण त्या दिवशी मी म्हटलं, हिची मी करते. आबा बाहेर बाकावर बसले. तिचं अंग भरलं होतं, बांगड्या मनगटावर थांबत होत्या. आंबेमोहोराची खाचरं यंदा बरी आलीत असं तिने आपण होऊन सांगितलं. तपासून झाल्यावर मी पुरवणीचा कागद तिच्या हातात दिला.

‘काय लिवलंय ह्यात?’

‘इंग्रजीत आहे. मी सांगते. पहिल्या वेळी तू आलीस तेव्हाच तुझा खरा आजार फोटोत दिसत होता. ती खालची जखमसुद्धा. मी ती बघितली नाही. माझी चूक झाली, असं लिहिलंय.’

तिने कागद उलटसुलट करून बघितला.

‘म्हंजी तवा बी दिसत व्हती?’

‘हो.’

‘मला वाटलंच व्हतं,’ ती म्हणाली. ‘त्या मशीनवाल्या बाई म्हनल्या व्हत्या, ह्यात समदं दिसतं, छातीपासनं मांड्यांपातुर. मी म्हनलं, लय बरं झालं. आता तोंडानं सांगाया नको, डाक्टरीनबाईंना दिसंलच. मंग रिपोर्ट आला. आबांनी तो वाचून घेतला, तर त्यात त्या जागंचं नावच न्हाई. मला वाटलं, बाईंनी बघितलंय, आन् ते काय दुखनं न्हाई.’

मी मशीन बंद केलं.

‘म्हनून गप ऱ्हायले,’ ती म्हणाली. ‘लाजून न्हाई.’

तिने पोटावरची जेल पुसली, साडी नीट केली, आणि कागदाची घडी घालून माझ्याच हातात परत दिली.

‘ह्ये आबांना कोन सांगनार?’ तिने विचारलं.

‘तू सांगशील?’

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमी सांगा.’

तिने दार उघडून धरलं. बाहेर आबा बाकावरून उठून उभे राहिले.